चौथा पुरावा

शिक्षकांना शिकवणं मुलांना शिकवण्यापेक्षा अवघड. मुलं निदान उघड उघड जांभया देतात. शिक्षक मान डोलावतात, वहीत काहीतरी खरडतात आणि मनातल्या मनात घरी जाताना काय काय घेऊन जायचंय त्याची उजळणी करतात. पुरावाबाईंना हे पक्कं ठाऊक होतं. त्यांनी स्वतःही तरुणपणी अशा बऱ्याच प्रशिक्षणांत मान डोलावली होती.

पुरावाबाई हे नाव त्यांना शिक्षकांनीच ठेवलेलं. कुणी काहीही बोललं की बाई चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि विचारायच्या, "पुरावा?" एकदा एक गुरुजी सहज म्हणाले की आज चहा जरा जास्तच गोड झालाय, तर बाईंनी त्यांनाही तेच विचारलं. हेडबाई म्हणून निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं खेळवतात. बाईंना नातवंडं नव्हती, आणि असती तरी बाईंनी त्यांच्याकडे जन्माचा दाखला मागितला असता, असं त्यांचे यजमान म्हणायचे. त्या गावोगावच्या इतिहास शिक्षकांना शिकवत फिरायच्या. पाठ्यपुस्तक म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास, असं त्यांचं मत. मुलांपुढे मूळ साधनं ठेवा, म्हणजे त्या वेळचे फोटो, त्या वेळची वर्तमानपत्रं, ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्यांची साक्ष. आणि मग गप्प बसा, मुलांना बोलू द्या.

दोन दिवसांच्या प्रशिक्षणात त्यांचा हुकमी धडा एकच होता. चाळीसएक वर्षांपूर्वी एका दूरच्या गावातल्या सुताच्या कारखान्याला आग लागली होती. मागच्या फाटकाला कुलूप होतं. बाहेर पडता न आल्याने कितीतरी माणसं फाटकाच्या आतल्या बाजूला गुदमरून मेली. कुलूप कुणी लावलं, का लावलं, हे चौकशीत ठरलंच नाही. असा लोंबकळत राहिलेला प्रश्न शिकवायला फार चांगला, असं बाई म्हणायच्या. प्रत्येक गटाला त्या गावाचं नाव झाकलेले सहा पुरावे द्यायच्या. पाच अस्सल होते. चौथा बाईंनी स्वतः बनवलेला होता.

हीच त्यांची खासियत. खऱ्यात खोटं मिसळल्याशिवाय खोटं ओळखायला शिकता येत नाही, हे त्यांचं म्हणणं. चौथा पुरावा म्हणजे आगीतून वाचलेल्या एका कामगाराची ध्वनिमुद्रित साक्ष. लिहिली बाईंनी, बोलले त्यांचे यजमान. यजमान आयुष्यभर विमा कचेरीत चिकटलेले आणि हौशी नाटकांत हवालदाराच्या पुढे कधी न गेलेले. त्यांना पहिल्यांदाच चांगली भूमिका मिळाली. बाहेरचा आवाज नको म्हणून कपड्यांच्या कपाटात डोकं खुपसून त्यांनी ती साक्ष म्हटली, आणि अशी म्हटली की लिहिणाऱ्या बाईंच्याच अंगावर काटा आला.

"धूर आला तसे आम्ही मागच्या फाटकाकडे पळालो. भोंगा ठणाणा वाजत होता. गजांतून बघतो तर बाहेरून फाटकवाला कुलूप लावतोय. मी ओरडलो, अरे थांब, माणसं आहेत आत. त्यानं माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं, आणि किल्ली खिशात टाकली. मी भिंतीवरून उडी मारली म्हणून वाचलो."

बाईंनी त्यात मुद्दाम दोन चुका पेरल्या होत्या. त्या दिवशी वीज गेली होती आणि भोंगा वाजलाच नाही, असं दुसऱ्या पुराव्यातल्या वर्तमानपत्रात होतं. आणि तिसऱ्या पुराव्यातल्या फोटोत फाटक सबंध पत्र्याचं होतं, त्याला गज नव्हतेच. दुसऱ्या दिवशी दुपारी शिक्षकांना या चुका सापडायच्या, गलका व्हायचा, आणि बाई शेवटी फळ्यावर लिहायच्या की जो पुरावा सगळ्या प्रश्नांची उत्तरं एकदम देतो त्याच्यावर आधी संशय घ्या. शिक्षक टाळ्या वाजवायचे. वर्षानुवर्षं हे असंच सुरळीत चाललं होतं.

त्या कारखान्याला मागचं फाटक एकच होतं आणि त्या फाटकावर माणूसही एकच होता. हे बाईंना कागदपत्रांवरून माहीत होतं. तो माणूस कागदाबाहेरही कुठे असेल, जेवत असेल, फिरायला जात असेल, हे काही त्यांच्या मनात आलं नाही. शहाण्या माणसांची डोळेझाक अशीच असते. त्यांना दूरचं बारीक अक्षर दिसतं आणि समोरचा माणूस दिसत नाही.

यंदाच्या प्रशिक्षणात दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. केंद्रातला स्पीकर बिघडला होता, म्हणून बाईंनी ती साक्ष सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवून दिली. आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एक तरुण शिक्षिका धावत आली. ती सातवीच्या वर्गाला शिकवायची, हुशार होती, पहिल्या दिवशी सगळ्यांत जास्त प्रश्न तिनेच विचारले होते. तिच्या मुलाला ताप भरला होता. बाई म्हणाल्या, "अगं मग उभी काय राहिलीस? जा. मुलापुढे प्रशिक्षण कसलं!" ती गेली. दुपारी चौथ्या पुराव्याचं बिंग फुटलं, टाळ्या झाल्या, बाईंनी सगळ्यांना ती साक्ष मोबाइलमधून पुसून टाकायला लावली. निघून गेलेल्या शिक्षिकेला काही कळवायला हवं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

काही आठवड्यांनी तिचा फोन आला. बाई स्वयंपाकघरात उभ्या होत्या.

"बाई, तुमचा तो आगीचा धडा मी वर्गात घेतला," ती उत्साहाने म्हणाली. "वर्ग इतका शांत बसलेला मी कधी बघितला नव्हता. आणि गंमत म्हणजे ती आग आमच्याच गावातली निघाली! मी लग्न होऊन इथे आले ना, मला माहीतच नव्हतं. मुलांनी घरी जाऊन आईवडलांना ऐकवलं. सगळं गाव बोलतंय बाई. एक मुलगी तर रडत वर्गाबाहेर गेली."

"कोण मुलगी?"

"फाटकवाल्याची नात. मला काय कल्पना! पण तुम्हीच म्हणाला होतात ना, इतिहास टोचला पाहिजे."

बाईंनी गॅस बंद केला. "तो फाटकवाला आहे अजून?"

"आहेत की. चौकात बाकावर बसायचे रोज. आता नाही येत. लोकांनी घरावर दगड मारले म्हणे. वाईटच झालं ते, पण शेवटी माणसं मेलीयत ना त्यांच्यामुळे."

"अगं," बाई म्हणाल्या. "अगं, त्या दुपारी काय झालं हे तुला कुणी सांगितलं नाही?"

"कुठल्या दुपारी?"

दुसऱ्याच दिवशी बाई आणि यजमान बसने त्या गावाला गेले. बैल गेला आणि झोपा केला, त्यातलाच प्रकार. पण न जाऊन करतात काय. वाटेत यजमान एकदाच बोलले. "मी उभा राहून म्हणून दाखवतो. माझा आवाज ऐकला की लोकांना कळेल. त्यात काय एवढं?" बाईंना तेवढाच धीर आला.

शाळेच्या हॉलमध्ये हेडमास्तरांनी सगळ्यांना बोलावून घेतलं होतं. बाकं कमी पडली. आगीत गेलेल्यांची मुलं आता स्वतः म्हातारपणाकडे झुकलेली, ती पुढे बसली होती. त्यांची मुलं मागे भिंतीला टेकून उभी. सातवीच्या बाई एका कोपऱ्यात खाली मान घालून बसल्या होत्या.

पुरावाबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी काही न लपवता सगळं सांगितलं. साक्ष मी लिहिली. बोलले हे माझे यजमान. असा कामगार कधी नव्हताच. फाटकवाल्याने कुलूप लावलं याला काडीचाही आधार नाही. चूक माझी आहे, शिक्षा मला करा, त्या म्हाताऱ्याला सोडा.

मग हेडमास्तरांनी घसा खाकरला. भला माणूस होता तो, आणि भल्या माणसांशी भांडताही येत नाही. "बाई, राग मानू नका. पण आमच्या शिक्षिकेने तुमच्याकडूनच आणलेल्या टिपणांत वाचलं मी. साधन हातात आलं की विचारायचं, कोण बोलतंय, कधी बोलतंय, आणि असं बोलण्यात त्याचा काय फायदा आहे. आता तुम्ही बोलताय. दगडफेक झाल्यावर बोलताय. आणि प्रकरण पोलिसांत गेलं तर पहिलं नाव तुमचं येणार, म्हणून ते इथेच मिटलं तर फायदा तुमचाच."

"पण त्यात चुका आहेत!" बाई म्हणाल्या. "भोंगा वाजला म्हणतो तो. त्या दिवशी वीज नव्हती. गजांतून दिसलं म्हणतो. फाटकाला गज नव्हते. हा फोटो बघा."

"घाबरलेला माणूस," मागून कुणीतरी म्हणालं. "इतक्या वर्षांनी भोंग्याचं कुणाच्या लक्षात राहतंय?"

"पत्र्याला फट असेल."

"टिपणांत हेही आहे," सातवीच्या बाई हळूच म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही. "खऱ्या साक्षीत बारीकसारीक चुका असतातच. ज्या साक्षीत एकही चूक नाही ती पढवलेली असते. पहिल्या दिवशी सांगितलं होतं तुम्ही."

सांगितलं होतं. बाईंना तो फळा आठवला, त्यावरचं स्वतःचं वळणदार अक्षरही आठवलं. त्या तरुण शिक्षिकेचा त्यांना राग आला आणि लगेच दयाही आली. साक्ष खोटी ठरली तर वर्गात ती वाजवणारी कोण, हे सगळ्यांना माहीत होतं. तिची नोकरी नवी होती आणि घरी तापाने आत्ताच उठलेलं पोर होतं.

बाईंनी पिशवीतून स्वतःच्या हाताने लिहिलेला कच्चा खर्डा काढला. हेडमास्तरांनी तो बघितला आणि पुढे दिला. तो हातोहात हॉलभर फिरला. "हा काल लिहिला नाही कशावरून?" एकाने विचारलं, आणि ते खोचून विचारलेलं नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मग यजमान उठले. त्यांनी कोटाची बटणं लावली, डोळे मिटले आणि साक्ष म्हणायला लागले. कपाटात म्हटली होती त्याहून ती आज चांगली झाली, कारण आता त्यांना खरंच भीती वाटत होती. "त्यानं माझ्याकडे बघितलं," ते म्हणाले तेव्हा पहिल्या रांगेतली एक बाई तोंडावर हात दाबून रडायला लागली. ते थांबले. क्षणभर पुरावाबाईंना वाटलं, जमलं.

"पाठ केलंय," भिंतीला टेकलेला एक तरुण म्हणाला. "आमच्याही मोबाइलमध्ये आहे. मलापण येतं." आणि त्याने जागच्या जागी सगळी साक्ष म्हणून दाखवली, एक शब्द इकडचा तिकडे न करता, उसासेसुद्धा जिथल्या तिथे. कुणी हसलं नाही.

मघाशी रडलेली बाई उठली. तिची आई त्या फाटकाच्या आत मेली होती. "चाळीस वर्षं झाली," ती म्हणाली. "किती साहेब आले, किती चौकशा झाल्या. कुणी एक नाव दिलं नाही आम्हाला. शिव्या कुणाला द्यायच्या हेसुद्धा कळलं नाही. आत्ता कुठे कळलं. आणि तुम्ही ते परत न्यायला आलात?"

पुरावाबाई खाली बसल्या. खोटं इतकं चांगलं वठलं होतं की ते आता त्यांचं राहिलंच नव्हतं. लोकांनी ते हक्काने आपलं करून घेतलं होतं, आणि ते मागायला आलेली ही परकी बाई त्यांना चोर वाटत होती. हेडमास्तरांनी चहा विचारला. दोघांनी नको म्हटलं.

फाटकवाल्याचं घर गल्लीच्या टोकाला होतं. खिडकीच्या फुटलेल्या काचेवर आतून पुठ्ठा लावला होता. सुनेने दार अर्धंच उघडलं. आपण कोण ते बाईंनी सांगितलं. ती बाजूला झाली. चिडण्याइतकं त्राणही तिच्यात उरलेलं नव्हतं.

"पोरगी शाळेत जात नाही," ती म्हणाली. "दुकानदार माझं सामान सगळ्यांच्या शेवटी देतो. आणि मामंजी दिवसभर तेच ऐकत बसतात. शेजारच्या मुलाने त्यांच्या मोबाइलमध्ये भरून दिलंय, मुद्दाम. मी काढून घेतला की लहान मुलासारखे रडतात. सांगा त्यांना. तुम्हीच सांगा."

आतल्या खोलीत म्हातारा खुर्चीत बसला होता. दाढी नीट केलेली, शर्ट धुतलेला. सून हाल सोसून सासऱ्याला जपत होती. बाई त्याच्यासमोर स्टुलावर बसल्या. त्यांनी हळूहळू, एकेक शब्द सुटा करत सांगितलं की आजोबा, ते खोटं आहे. ते मी लिहिलंय. तुम्ही काही केलेलं नाही.

म्हाताऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्याने बाईंचा हात थोपटला. "तुम्ही चांगल्या घरच्या दिसता," तो म्हणाला. "पण कुलूप मीच लावलं बाई. मला आठवलंय आता. लावताना अंगठा चिमटला होता. रक्त आलं होतं. हा बघा." त्याने अंगठा पुढे केला. अंगठ्यावर काही नव्हतं. आणि चिमटलेल्या अंगठ्याचं बाईंनी लिहिलेलंही नव्हतं.

बाई सुनेकडे वळल्या. "याआधी काय सांगायचे हे? ही साक्ष ऐकायच्या आधी?"

"आधी?" सून आठवू लागली. "आधी म्हणायचे की कुणीतरी येऊन त्यांच्याकडून किल्ली मागून नेली. मग ते पुढच्या फाटकावर गेले, आणि तिथून त्यांना धूर दिसला. लग्न होऊन आल्यापासून ऐकत होते मी. जेवायला बसले की तेच. कुणी नेली त्याचं नावही सांगायचे."

"काय नाव?"

"आता काय सांगू? रोज तेच तेच बोलायचे हो. एका कानाने ऐकायचं आणि दुसऱ्याने सोडायचं. आमच्या ह्यांना माहीत होतं, पण हे तर गेले." तिने पदराने तोंड पुसलं. "चौकशीवाल्यांनी तेव्हा विचारलं नव्हतं म्हणे त्यांना. नंतरही कुणी आलं नाही. तुम्हीच पहिल्या."

ज्या प्रश्नावर पुरावाबाई इतकी वर्षं धडे घेत फिरल्या त्याचं उत्तर या खुर्चीत बसून रोज जेवताना बोलत होतं. एका दिवसाच्या बसप्रवासावर. त्यांनी चाळीस वर्षांची वर्तमानपत्रं चाळली, फोटो जमवले, साक्षीदार नाही म्हणून साक्षीदार घडवला, पण इथे येऊन एकदा दार वाजवलं नाही. आता दार वाजवलं तर आत फक्त त्यांनी लिहिलेलं उरलं होतं. बाईंना इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"आजोबा," यजमान पुढे होऊन म्हणाले. त्यांना राहवलं नाही. "तो आवाज माझा आहे. ऐका. मीच बोललोय ते. नाटक होतं."

आवाज ऐकताच म्हाताऱ्याची मान वर झाली. त्याने यजमानांकडे डोळे बारीक करून बघितलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"तुम्ही!" तो म्हणाला. "तुम्ही वाचलात होय! भिंतीवरून उडी मारलीत ना? मला वाटलं होतं, तुम्हीपण गेलात." तो खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठू लागला. सून धावली, पण त्याने तिला बाजूला सारलं. यजमानांच्या पायांपर्यंत तो पोचला नाही, गुडघ्यांशीच वाकला आणि त्यांच्या पँटीला धरून रडायला लागला. "मी बघितलं होतं तुम्हाला. बघूनही लावलं. का लावलं ते आठवत नाही हो. तेवढं सोडून सगळं आठवतं. मला माफ करा. बाकीचे गेले, त्यांना कसं विचारू? तुम्ही एकटे आहात. तुम्ही तरी माफ करा."

यजमानांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी तोंड उघडलं, आणि त्यांना कळलं की आपल्याजवळ सांगण्यासारखं दुसरं काहीच उरलेलं नाही. दारात फाटकवाल्याची नात येऊन उभी राहिली होती. ती कितीतरी दिवसांत खोलीबाहेर आली नव्हती, आणि आजोबांचा शब्द न् शब्द तिच्या कानावर पडला होता.

यजमान खाली बसले. त्यांनी म्हाताऱ्याला दोन्ही हातांनी धरलं, आणि त्या कपाटातल्या कामगाराच्या आवाजात म्हणाले, "केलं. माफ केलं मी तुम्हाला."